‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि मागचं गेट

“ए, मागच्या गेटनं ये. स्पीकर उतरवायचेत.”

पुण्यातल्या एका कॉलेजच्या रॉक कार्यक्रमाच्या दारात एक स्वयंसेवक पोरगा मला असं म्हणाला, त्याला वीसेक वर्षं झाली. माझ्या हातात तिकीट होतं. गाळ्यावरून थेट गेलो होतो, अंगाला कांद्याचा वास असणारच. तिकीट पुढं केलं तर त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, मित्राला हाक मारली. “कुठून मिळालं?” विकत घेतलं, म्हटलं. मग माझ्या टी-शर्टवरचं नाव वाचून परीक्षा सुरू झाली. ‘अ‍ॅट द गेट्स’ या डेथ मेटल बँडमध्ये कोण कोण वाजवतं, सांग. मी पाचही नावं सांगितली. टोमास लिंडबर्ग गातो, अँडर्स आणि योनास ब्यॉर्लर हे जुळे भाऊ गिटार आणि बासवर, दुसऱ्या गिटारवर मार्टिन लार्सन, ड्रमवर एड्रियन अर्लंडसन. ‘कोल्ड’ या गाण्यातला सोलो या पाचांपैकी कुणाचाच नाही, तो किंग डायमंडच्या बँडमधल्या अँडी लारॉकनं वाजवलाय, हेही न विचारता सांगितलं. “पाठ करून आलाय,” मित्र म्हणाला. माझ्या मागच्या पोरांची तिकिटं फाडून त्यांना आत सोडत होते. त्यांना एक प्रश्न नाही. रांग संपल्यावर मला सोडलं. तोवर पहिला बँड वाजवून उतरला होता.

मी मार्केट यार्डातला. माझे वडील, अण्णा, भुसार विभागात हमाल, हमाल पंचायतीचे जुने सभासद. मी शिकलो म्हणून कांदा-बटाटा विभागात एका आडत्याकडं दिवाणजी झालो, एवढाच फरक. हमाल समजला याचं मला काही वाटलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. अण्णांनी शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली, 1969चा माथाडी कायदा लागू करून घ्यायला पंचायतीच्या बाबा आढावांच्या मागं मोर्चात चालले. त्यात लाज कसली? पण खरं सांगायचं तर लागलं होतं. हमाल समजला ते नाही, हमालाला हे संगीत कळणारच नाही हे त्या दोघांनी गृहीत धरलं होतं, ते लागलं.

टी-शर्टवरच्या त्या बँडचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ हा अल्बम मला एका दोस्तानं कॉपी केलेल्या सीडीवर दिला. रात्री जुन्नर-मंचरचा कांदा, आग्रा-इंदूरचा बटाटा उतरायचा. गाडी लागेपर्यंत मी वॉकमन लावून बसायचो. पहिल्यांदा ‘ब्लाइंडेड बाय फिअर’ सुरू झालं तेव्हा छातीत धडकी भरली. मग त्या आरडाओरड्याखाली गिटारची सुरावट ऐकू यायला लागली, अगदी स्वच्छ, दुःखी. डेथ मेटलमध्ये इतकी चाल असू शकते हे मला माहीतच नव्हतं. जेमतेम चौतीस मिनिटांचा अल्बम, एकही सेकंद फुकटचा नाही. मध्ये ‘इन्टू द डेड स्काय’ नावाचा शब्दांविना तुकडा येतो, तिथं श्वास घ्यायचा. तरुण पोरांना माझं सांगणं आहे, यातलं एकेक गाणं सुटं ऐकू नका. सलग ऐका, हेडफोन लावून.

1995चा हा अल्बम. बँडचं गाव स्वीडनमधलं गोथेनबर्ग, बंदराचं, कारखान्यांचं, व्होल्वो तिथलीच. फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये तो रेकॉर्ड झाला. डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’ आणि इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ हे दुसऱ्या बँडचे अल्बमही त्याच सुमारास त्याच स्टुडिओत झाले. अमेरिकेतल्या कितीतरी बँडनी पुढं याच धाटणीवर नाव कमावलं, आणि हे पाचजण मात्र 1996लाच फुटले. पुन्हा एकत्र यायला 2008 उजाडलं. ज्याची मेहनत त्याच्या हाती हिशेबाची पट्टी येते तेव्हा आकडा छोटाच असतो, हे यार्डात रोज बघतो.

लिंडबर्ग पोटापाण्यासाठी शाळेत शिकवायचा. सप्टेंबर 2025मध्ये तो गेला, बावन्नाव्या वर्षी. कॅन्सर. टाळूचा मोठा भाग काढावा लागला होता. त्याआधी त्यानं नव्या अल्बमची गाणी गाऊन ठेवली. बातमी वाचली तेव्हा मी गाळ्यावर होतो आणि सांगायला कुणी नव्हतं. कार्यक्रमाच्या दारातलं ते पोरगं आठवलं, कारण त्याला तरी हे नाव माहीत होतं. इतकी वर्षं ज्याचा राग केला, त्याच्याशी त्या दिवशी बोलावंसं वाटलं.

घरी अण्णांना सांगितलं. ते आता थकलेत. त्यांनी एकच विचारलं, “घसा गेला का त्याचा?” हो म्हटलं. मग म्हणाले, “लाव बरं त्याचं गाणं.”

दोन गाणी त्यांनी पूर्ण ऐकली. आवडलं नाही. “पण जीव तोडून गातोय,” म्हणाले. असलं गाणं म्हणजे नुसता आरडाओरडा, असं म्हणणाऱ्याशी मी आजही भांडतो. तसा आवाज रात्रीमागून रात्री काढायला कमावलेला दम लागतो. अण्णांना ते समजावून सांगावं लागलं नाही.