वूडवर्डचा चौथा गिअर

डेट्रॉइटला जायचं असेल तर ऑगस्टचा तिसरा शनिवार पकडा. वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला फोल्डिंगची खुर्ची टाकायची, हातात थंड काहीतरी घ्यायचं आणि नुसतं बसून राहायचं. समोरून जुन्या गाड्यांची वरात जाते. लांबलचक बॉनेट, चकचकीत क्रोम आणि छातीत धडधडणारा तो व्ही-८ इंजिनांचा आवाज! ‘वूडवर्ड ड्रीम क्रूझ’ १९९५ मध्ये सुरू झाली आणि २०२० चं कोविडचं वर्ष सोडलं तर दर ऑगस्टला होतेच. एक टिप : जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवा. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीसाठी जागा धरणाऱ्या पुणेकराला हे वेगळं सांगायला नकोच.

वूडवर्ड हा साधासुधा रस्ता नाही. डेट्रॉइटच्या नदीकाठावरून निघतो आणि सुमारे २७ मैलांवर पाँटिअ‍ॅक गावात जाऊन थांबतो. यातल्याच एका मैलावर १९०९ मध्ये काँक्रीट घातलं गेलं, तेव्हा ते जगाला नवीन होतं. साठच्या दशकात इथली पोरं रात्री एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत रेस लावायची. त्या पोरांना नजरेसमोर ठेवूनच कंपन्यांनी मोठं इंजिन मध्यम आकाराच्या गाडीत कोंबायला सुरुवात केली. मसल कार म्हणतात ती हीच. पाँटिअ‍ॅक जीटीओ १९६४ मध्ये आली आणि मग सगळेच त्या मागे लागले. (पाँटिअ‍ॅक हा ब्रँड २०१० मध्ये कायमचा बंद झाला. गाव आहे, गाडी नाही.)

माझा चुलतभाऊ तिथून जवळच, ट्रॉयमध्ये राहतो. दादा पेशाने इंजिनिअर. ऑफिसला जायला समजूतदार एसयूव्ही आणि गराजमध्ये वेडेपणा : १९६७ ची जीटीओ. शेजारच्या आजोबांनी फ्लोरिडाला जाताना विकली. अट एकच : झाकून ठेवायची नाही, चालवायची.

दोन उन्हाळ्यांपूर्वी काका-काकू तिकडे गेले, तेव्हा दादाने मोठ्या उत्साहात बेत केला. बाबांना जीटीओतून मॅकिनॅक ब्रिज दाखवायचा. (लिहायचं मॅकिनॅक, म्हणायचं मॅकिनॉ. तिथे चुकलात तर लगेच पाहुणे ठरता.) आय-७५ हायवेने उत्तरेला साडेचारशे किलोमीटर. बापलेक निघाले आणि तासाभरात फ्लिंटहून परत आले.

कारण? आवाज. काकांनी पिंपरीच्या एका कारखान्यात ३२ वर्षं गिअर कापले. शॉपफ्लोअरने कान निम्मे नेलेत. दादा ओरडून काहीतरी सांगायचा, काका ‘हं, हं’ करायचे. वर्षातून एकदा भेटणारे बापलेक तासाभरात चार वाक्यं बोलले. फ्लिंटच्या पेट्रोल पंपावर काका म्हणाले, ‘‘गाडी छान आहे रे. पण पुढे बसने जाऊ.’’

दादाला हे जाम लागलं.

आता जरा टेक्निकल, पण घाबरू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तुमच्या गाडीचे चौथा-पाचवा गिअर गायब झालेत आणि तिसऱ्यातच ११० ने जायचंय अशी कल्पना करा. जीटीओचं तसंच होतं. तिच्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टर्बो हायड्रामॅटिक ४००. दणकट, पण गिअर तीनच : २.४८, १.४८ आणि १. म्हणजे टॉपला इंजिनचा एक फेरा तर मागे जाणाऱ्या शाफ्टचाही एकच. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.५५. सिग्नल सुटल्यावर झेप घ्यायला तो झक्कास. पण ताशी ७० मैलांना, म्हणजे ११२ किलोमीटरला, इंजिन मिनिटाला ३२०० फेरे घेतं. तेही तासन् तास. वूडवर्डवर पुढचा सिग्नल येतो, पाय निघतो. हायवेवर सिग्नलच नाही!

उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह. टॉपच्या वर आणखी एक गिअर, ज्यात शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत असे चार गिअरचे ऑटोमॅटिक ऐंशीच्या दशकात आले आणि आजही जुन्या गाड्यांचे शौकीन तेच शोधतात. प्रश्न एवढाच, की कोणता?

ती चर्चा अख्खा हिवाळा चालली. ट्रॉयमध्ये गुडघाभर बर्फ, इकडे चिंचवडला काका व्हिडिओ कॉलवर, हातात जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा भाग आणि पेन्सिल. ‘‘रेशो सांग,’’ एवढंच म्हणायचे.

दादाचं मन ७००आर४ वर होतं. १९८२ चा, सगळीकडे मिळतो, पार्ट स्वस्त. रेशो ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. काकांनी आकडे लिहिले, पहिल्या दोनांभोवती गोल काढला. ‘‘इथे खड्डा आहे.’’ खरंच की! पाच हजार फेऱ्यांवर पहिला सोडला तर दुसऱ्यात इंजिन एकदम २६०० च्या आसपास पडतं. शिवाय जीटीओला अ‍ॅक्सलच ३.५५ चा. त्यावर ३.०६ चा पहिला म्हणजे निघाल्या निघाल्या संपणार. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा गिअरबॉक्स शेवरलेटच्या इंजिनाला बसणारा. पाँटिअ‍ॅकच्या इंजिनामागची बोल्टची भोकं वेगळी! मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट घालावी लागते.

मग ४एल८०ई. १९९१ पासून मोठ्या ट्रकांत आलेला, जुन्या ४०० चाच वारसदार, ताकदीला तोड नाही. पण जड आणि रुंद. शिवाय गिअर बदलायला कॉम्प्युटर हवा आणि बसवायला गाडीच्या फ्लोअरचा बोगदा ठोकून वाढवायला हवा. भोकं इथेही शेवरलेटचीच. दादा हातोड्याच्या नावानेच गप्प झाला.

उरला २००-४आर. १९८१ चा, दिसायला सगळ्यांत किरकोळ. पण रेशो बघा : २.७४, १.५७, १, ०.६७. खड्डा कमी, ओव्हरड्राइव्ह जास्त लांब. बऱ्याचशा २००-४आरच्या तोंडावर दोन्ही प्रकारची भोकं असतात, शेवरलेटचीही आणि ब्युइक-ओल्ड्समोबिल-पाँटिअ‍ॅकचीही. (सगळ्यांवर नाही हं! विकत घेताना मोजून घ्या.) लांबी जवळपास जुन्याएवढीच. जुन्या शाफ्टच्या टोकाला ३२ दातांऐवजी २७ दातांचा योक लावला की काम झालं. फ्लोअरला धक्का नाही. उद्या वाटलं तर जुना गिअरबॉक्स परत बसवता येतो.

तोटा? ताकद. १९८० च्या दशकातल्या ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये हाच होता, म्हणजे अगदीच लेचापेचा नाही. पण जीटीओचं ६.६ लिटरचं इंजिन सहाशे न्यूटन मीटरच्या घरात टॉर्क देतं. त्यापुढे जसाच्या तसा टिकला नसता. आतले क्लच, पंप, शाफ्ट मजबूत करून घ्यावे लागले. माझं ऐकाल तर पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका.

आणि एक केबल. गॅस पेडल किती दाबलंय हे कार्ब्युरेटरकडून गिअरबॉक्सला सांगणारी ही थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल. थोडी ढिली राहिली की आत तेलाचा दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि नवाकोरा गिअरबॉक्स बघता बघता जळतो. दादाने प्रेशर गेज लावून तीन वीकेंड फक्त ती केबल जुळवली. वहिनीने तेवढ्यात अख्खं बेसमेंट आवरलं आणि हे ती अजून ऐकवते.

गेल्या ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा काकाही आले होते. शनिवारी क्रूझला रॉयल ओकच्या बाजूला गाडी लावली. एक गोरे आजोबा वाकून खाली बघून आले, मान हलवत म्हणाले, ओरिजिनल नाही ठेवलीत. दादाने नम्रपणे सांगितलं, आहे, गराजमध्ये गुंडाळून. आजोबांचं समाधान झालं नाही. त्यांचंही खरं आहे, शोकेसमध्ये ठेवायची असेल तर जुनाच हवा. पण हिला चालवायच्या अटीवर घेतलीय ना!

सोमवारी पहाटे आम्ही आय-७५ ला लागलो. पुढे दादा-काका, मागे मी आणि वहिनीने दिलेला डबा. ७० मैलांना टॅकोमीटर २१५० च्या जवळ. कन्व्हर्टरचा लॉकअप लागला की सुई आणखी किंचित खाली येते, इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून न घसरता थेट जोडले जातात. शांतता नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू? काचा खाली होत्या, व्ही-८ गुरगुरत होतं. पण फ्लिंट आलं आणि गेलं, तेव्हा काका चिंचवडच्या घराची गच्ची गळते त्यावर बोलत होते. मग सोसायटीची भांडणं. मग दादा परत यायचा विचार करतोय का, हे त्यांनी पहिल्यांदाच सरळ विचारलं. दादाने उत्तर द्यायला सागिनॉपर्यंत वेळ घेतला. मी डब्यातल्या पोळ्या मोजत होतो.

मॅकिनॅक ब्रिज १९५७ मध्ये सुरू झाला, लांबी जवळपास आठ किलोमीटर. त्याच्या आतल्या लेनला काँक्रीट नाही, लोखंडी जाळी आहे. टायर गुणगुणतात आणि जाळीतून खाली सामुद्रधुनीचं पाणी दिसतं. वेगाची मर्यादा ४५ मैल. काकांनी केव्हाच चपला काढून पाय फ्लोअरवर टेकवले होते.

‘‘चौथ्यात आहे ना अजून?’’ ते म्हणाले. ‘‘गुदमरतंय ते. तिसरा घाल.’’

दादाने मुकाट्याने लिव्हर एक खाच मागे घेतली.