बोर मारायच्या आधी वरचे पन्नास फूट पाहा

एप्रिल सरत आला की आपल्या नाचणगाव-पुलगावच्या रस्त्यांवर तमिळनाडू पासिंगचे ट्रक दिसायला लागतात. एकावर ड्रिलचा मनोरा आडवा केलेला, दुसऱ्यावर रॉड, डिझेल आणि पोरांच्या गाद्या. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या दारावर तिरुचेंगोडू हे गावाचं नाव असतं. नामक्कल जिल्ह्यातलं हे गाव बोरच्या गाड्यांसाठी देशभर ओळखलं जातं. ती पोरं सहा-सहा महिने घरी जात नाहीत. रात्री दोन वाजता आपल्या गल्लीत गाडी धडधडते तेव्हा आपण वैतागतो, पण त्यांची झोपही तेवढीच गेलेली असते. असो.

मला बोलायचं आहे ते गाडी बोलावणाऱ्यांबद्दल. नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला, नळाची लाइन अजून आली नाही, बांधकामाला पाणी पाहिजे, म्हणून पायाच्या आधी बोर. हा आता रिवाजच झाला आहे. आणि विचारलं जातं एकच, "किती फूट मारायची?"

मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्याच्या प्लॉटवर मी संध्याकाळभर उभा होतो. आधी पाणी पाहणारे काका येऊन गेले होते, हातात कडुलिंबाची दुबेळकी फांदी. त्यांनी जागा दाखवली, नारळ फुटला, गाडी लागली. ४० फुटांपर्यंत मुरूम, मग राखाडी भुकटी. १३० च्या आसपास थोडी ओल आली. २०० झाले, २५० झाले, भुकटी कोरडीच. एजंट म्हणाला, "भाऊ, अजून शंभर मारून पाहू, पानी खालीच हाय." मालकाने माझ्याकडे पाहिलं. घरचे सगळे खुर्च्या टाकून बसलेले. अशा वेळी 'थांबा' म्हणायला मोठी छाती लागते. मारले. ४२० फुटांवर थांबले, आणि पाणी तेवढंच, १३० वालं.

यात एजंटला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याचा धंदा फुटावर चालतो. ३०० च्या पुढे फुटाचा दर चढत जातो, केसिंगचा हिशेब वेगळा, आणि बोर कोरडी गेली तरी पैसे द्यावेच लागतात. पण आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्याला माहीत असायला नको का?

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक, पोळ्यांची चवड ठेवावी तसे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, खालचा घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा. पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट खडकात पाणी नसतं, मग तो शंभर फूट जाड असो की दोनशे. खोल गेल्यावर एखादा सांधा लागून पाणी मिळू शकतं, मिळालेलंही आहे. पण ती लॉटरी आहे. 'जितकं खोल तितकं पाणी' हा नियम गाळाच्या प्रदेशातला असेल, आपल्याकडचा नाही. नदीकाठी गाळ लागतो तिथे उलटी अडचण, तिथे बोर ढासळते आणि खालपर्यंत जाळीचं केसिंग टाकावं लागतं. ड्रिल चालू असताना लाल चिखल वर यायला लागला तर तेही लक्षात ठेवा. तो थर पाणी पिऊन फुगतो, ढासळतो, आणि पुढे कधीतरी मोटर त्यात अडकते. कोणत्या फुटाला काय निघालं हे साध्या वहीत लिहून ठेवा. दर १० फुटांची भुकटी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली तर आणखी चांगलं. उद्या मोटर किती फुटांवर सोडायची हे तीच वही सांगेल.

पाणी लागलं की दुसरा घोळ, इंचाचा. "दोन इंच पाणी लागलं" म्हणून पेढे वाटतात. हा इंच पाइपाचा नव्हे. पाणी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या काटकोनी खाचेतून सोडतात आणि त्या खाचेत ते किती उंच चढलं हे मोजतात. एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर. दोन इंच म्हणजे हजार नव्हे, जवळजवळ २,९०० लिटर. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाच पटीच्या वर जातं. त्यामुळे खाच न लावता, धारेकडे पाहून कोणी "दीड-दोन इंच असेल" म्हणालं तर त्या वाक्याला काही किंमत नाही. दीड आणि दोन यांत दुपटीचा फरक आहे! शिवाय साडेसहा इंची बोरच्या पोटात दर फुटाला सुमारे साडेसहा लिटर पाणी साठतं. २०० फूट भरलेली असेल तर १,३०० लिटर आधीचंच असतं. पहिला अर्धा तास जोरात आलेलं पाणी हे बहुतेक तेच. पाच-सहा तास सलग मोटर चालवून पाहा, आणि जमलं तर मे महिन्यात.

आता मुद्द्याचं. आपल्या भागात पाणी वरच आहे, आणि घाणही वरच आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांची यादी आहे. त्यात महाराष्ट्रातले सात आहेत: वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, जळगाव, बीड आणि नांदेड. म्हणजे आपण आणि आपले शेजारी. बातमी आली, एक दिवस चालली, गेली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते येतं शेतातल्या युरियातून, उकिरड्यातून आणि संडासच्या टाकीतून. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तुरटीने जात नाही, कँडलच्या फिल्टरने जात नाही, ब्लीचिंगने जात नाही. उकळल्याने तर वाढतं, कारण पाणी उडतं आणि ते मागे राहतं. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांखालच्या, बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं.

ज्यांच्या प्लॉटवर मी उभा होतो, त्यांची मुलगी यंदा बाळंतपणाला माहेरी आली. दूध कमी पडत होतं म्हणून पावडर सुरू केली होती. पाणी त्याच बोरचं, पण आजी काळजीची, दहा-दहा मिनिटं उकळायची. मी म्हटलं, एकदा तपासून तर घ्या. अहवाल आला, नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर. आजीचा चेहरा मला पाहवला नाही. बाळ ठीक आहे, वेळेत पाणी बदललं. आता बाळासाठी पाणी भावाच्या घरून, नळाचं येतं.

त्या बोरपासून त्यांच्या स्वतःच्या संडासची टाकी मोजली तर ३० फूट. शेजाऱ्याचा शोषखड्डा त्याहून जवळ, भिंतीपलीकडे. पिण्याच्या पाण्याची बोर शोषखड्ड्यापासून निदान ५० फूट लांब असावी असं मानतात, आणि आपल्या भेगाळ मुरमात तेही कमीच. पण प्लॉटच ३० बाय ५० चा! आपण कितीही शहाणपणाने जागा निवडली तरी शेजारचा खड्डा आपल्या हातात नाही. म्हणून बोर मारायच्या आधी वास्तू पाहता तसं चारही बाजूंना विचारून या, बाबा तुमची टाकी कुठे आहे.

त्यानंतर केसिंग. सगळे पैसे वाचवतात ते इथेच. वरच्या मातीपुरतं २० फूट टाकलं, झालं. केसिंग पक्क्या खडकात बसलं पाहिजे, आणि पाइप व माती यांच्यातली फट सिमेंटने भरली पाहिजे. नुसती मुरमाने बुजवलेली फट म्हणजे सांडपाण्याला उघडा रस्ता. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, हे काय सांगायचं. पाइप जमिनीच्या वर फूटभर तरी ठेवा आणि भोवती सिमेंटचा ओटा करा. यात वरचं थोडं पाणी आपण स्वतःच बंद करतो, हे खरं आहे. कमी पण बरं पाणी, की जास्त पण तसलं पाणी, हे ज्याचं त्याने ठरवावं. भांडी-कपड्यांची बोर आणि पिण्याची बोर यांत फरक करायला हरकत नाही.

कागदाचं थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, उघड्या बोरमध्ये लेकरं पडण्याच्या घटनांवरून, नियम घालून दिले. बोर मारण्याआधी १५ दिवस लेखी कळवायचं, सरपंचाला कळवलं तरी चालतं. कामाच्या जागी फलक आणि कुंपण. कोरडी गेलेली बोर खालपासून वरपर्यंत भरायची. राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या पुढच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हणतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. आपल्याकडे ४०० फूट सहज बोललं जातं. ग्रामपंचायतीत जाऊन गेल्या वर्षभरात किती जणांनी बोरची लेखी सूचना दिली ते विचारा. मला उत्तराचा अंदाज आहे. आणि हेही विचारा, की लेआउट मंजूर करताना नाली आणि नळाची लाइन कागदावर होती, ती जमिनीवर कधी येणार? घरोघरी बोर आणि घरोघरी शोषखड्डा, हे सगळं एकाच मुरमात चाललं आहे. एकट्याने केसिंग लांबवून ते सुटणारं नाही. पुढच्या ग्रामसभेत मी हा प्रश्न मांडणार आहे, ज्यांच्या घरी बोर आहे त्यांनी यावं.

तोवर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा वर्ध्याला आहे. मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग स्वच्छ प्लॅस्टिकची लिटरभर बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा, वर नाव, गाव, बोरची खोली आणि तारीख लिहा, त्याच दिवशी पोचवा. अर्जात नायट्रेट वेगळं लिहा. जंतूंच्या तपासणीची बाटली निराळी, ती निर्जंतुक केलेली लागते, आधी प्रयोगशाळेतून मागून आणा.