चार उंबरठे आणि एक टीव्ही

बार्शीच्या जुन्या पेठेतील त्या वाड्यात पुढे अडत दुकान, मागे वखार आणि मध्ये घर अशी रचना आहे. ओसरीवरून निघून परसातील झोपाळ्यापर्यंत जायचे तर चार उंबरठे ओलांडावे लागतात. भिंती दोन-दोन फूट रुंद. उन्हाळ्यात या भिंतींचे सर्वांनाच कौतुक असते. पुढे त्यांनीच बराच त्रास दिला, तो भाग ओघाने येईल.

या घरात पहिला टीव्ही आला तो १९८७ साली, ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा. लाकडी पेटी, तिला सरकती झापे, आणि वर भरतकामाचे आच्छादन. रविवारी सकाळी हमाल, गुमास्ते आणि शेजारपाजारची मुले चौकात सतरंजीवर बसत. त्यानंतर संच चार वेळा बदलला, आकाराने वाढला, पातळ झाला. त्याची जागा मात्र ओसरीलगतची बैठकच राहिली. टीव्ही पाहायचा तर माणसाने टीव्हीकडे जायचे, हा नियम कोणी कधी तपासून पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी तो तपासण्याची वेळ आली. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे ‘बाई’ म्हणतात, त्यांचे वय ८१. गुडघ्यांमुळे बैठकीपर्यंत जाणे त्यांनी सोडून दिले. सकाळी कोणाच्या तरी आधाराने ओसरीवरच्या उन्हात, दुपारी माजघरात, संध्याकाळी झोपाळ्यावर, असा त्यांचा दिवस ठरून गेला. या घरात जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते, त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळ फार लांब होते. ती लांब संध्याकाळ बाई एकट्या काढीत आणि बैठकीतून येणाऱ्या आवाजावरून मालिकेत काय चालले असेल याचा अंदाज बांधीत. दोन्ही मुलांनी ठरवले, बाई जेथे असतील तेथे टीव्ही जायला हवा.

व्यापाऱ्याच्या घरात खरेदी साधी नसते. थोरल्यांनी प्रथम माळा धुंडाळला आणि जुना पाच इंची कृष्णधवल संच खाली आणला. वीज गेली की दुकानात तो बॅटरीवर चालत असे. आकाशकाठी उघडली, बटण फिरवले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. दूरदर्शनने आपली बहुतेक जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. आता त्या संचाला हवेतून पकडण्यासारखे काही उरलेले नाही, हे धाकट्यांनी समजावून सांगितले. थोरल्यांनी तो पुसून पुन्हा माळ्यावर ठेवला. मोडीत काढणे त्यांच्या स्वभावात नाही.

मग चाकांच्या स्टँडवर बसवलेला, स्वतःची बॅटरी असलेला संच पाहण्यात आला. दिसायला देखणा, पण पडदा २७ इंचांचा, एका चार्जिंगवर तीन-चार तास चालणारा, आणि किंमत अशी की थोरल्यांनी तिचे मनातल्या मनात डाळीच्या क्विंटलांत रूपांतर केले आणि पाणी मागितले. शिवाय चार उंबरठ्यांवरून तो उचलणार कोण? प्रोजेक्टर परसात दिवसाउजेडी फिका पडला आणि त्याच्या पंख्याचा आवाज बाईंना खटकला. बैठकीतल्या सेट-टॉप बॉक्सला दुसरी जोडणी घ्यावी तर तारेचे बंधन आले. शेवटी धाकट्यांनी दहा इंची टॅबलेट आणला.

तेथे भिंती आडव्या आल्या. वाय-फायचा राऊटर दुकानात. माजघरात चित्र अडखळे आणि परसात मुळीच येत नसे. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी पार करते, ५ ची वेगवान असली तरी लवकर दमते. एवढे कळायला या घराला पंधरा दिवस लागले. अखेर भिंतीला भोक पाडून तार माजघरात आणली आणि तेथे दुसरा राऊटर बसवला. मोठ्या वाड्यात राहणाऱ्यांनी हे काम उपकरण घेण्याआधी करावे. चांगल्या चित्राला तासाला दोन-तीन जीबी डेटा लागतो आणि तो मोबाईलच्या पॅकवर पुरत नाही.

चित्र आता स्वच्छ येऊ लागले. बाईंची तक्रार नव्हती. मात्र त्या टॅबलेट समोर न धरता डावीकडे कलता धरीत आणि मान वळवून त्याच्याकडे कडेने पाहत. धाकट्यांना वाटले, काचेवर उजेड चमकतो. त्यांनी चमक मारणारा पापुद्रा लावून आणला. थोरल्यांनी खुर्चीची दिशा बदलली. बाई तशाच पाहत राहिल्या. दहावीतल्या नातवाने एकदा आवाज बंद करून सहज विचारले, “आजी, ही कोण आली?” बाई म्हणाल्या, “आवाज तर लाव आधी, म्हणजे सांगते.”

ते वाक्य थोरल्या सूनबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकले. हात पुसत त्या बाहेर आल्या आणि बाईंच्या पायाशी बसल्या. “बाई, तुम्हाला तिचा चेहरा दिसतो का?” बराच वेळ बाई बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “केस दिसतात, बांगड्या दिसतात. मधे काळपट डाग आहे. बैठकीतला मोठा होता, तेव्हा कळत नव्हतं एवढं.”

“सांगितलं का नाही?”

“तुरीचा हंगाम. दोघं पोरं रात्री दहापर्यंत वखारीत. त्यात माझा दवाखाना कशाला?”

तेव्हा सूनबाईंना दिवाळी आठवली. वहीपूजनाच्या दिवशी ओसरीवर बसलेल्या बाई म्हणाल्या होत्या, “तो खांब मधेच वाकलाय रे.” जुन्या वाड्याचा खांब म्हणजे वरच्या मजल्याचा भार, थोरल्यांनी चौथ्या दिवशी गवंडी बोलावला. त्याने ओळंबा सोडला, चारी बाजूंनी पाहिले आणि सांगितले, “खांब सरळ आहे, भाऊ.” मूठभर तूर हातावर घेऊन तिचा दर्जा सांगणाऱ्या बाईंची नजर एकदाची चुकली म्हणून सारे हसले, बाईही हसल्या. गवंड्याची मजुरी किरकोळ खर्चात लिहिली गेली.

सोलापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी बाईंपुढे चौकटी आखलेला कागद ठेवला आणि एक-एक डोळा झाकायला सांगितले. डाव्या डोळ्याला मधल्या रेषा वाकड्या आणि तुटक दिसल्या. नेत्रपटलाचा जो मध्यबिंदू चेहरे आणि अक्षरे ओळखतो, तोच वयोमानाने झिजला होता. उजव्या डोळ्यात ही झीज जुनी आणि संथ होती. डाव्यात काही महिन्यांपूर्वी नवीन, नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझर सुरू झाला होता. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत, आणि ती जितक्या लवकर तितकी चांगली. सरळ रेषा वाकडी दिसणे हीच या पाझराची पहिली खूण असते.

“दिवाळीत आलो असतो तर?” थोरल्यांनी विचारले.

“थोडं जास्त वाचलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “आता आहे ते राखू.”

परतीचे सत्तर किलोमीटर थोरले काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी कार्तिकातला किरकोळ खर्च उघडून गवंड्याची नोंद पाहिली आणि वही मिटून ठेवली.

दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने झाली. पुढची आता तपासणी करून ठरतात. पाझर थांबला आहे. अक्षरे पूर्वीसारखी परतली नाहीत, पण जवळून चेहरा ओळखू येतो. टीव्हीचा विचार मग पुन्हा पहिल्यापासून झाला, आणि या वेळी प्रश्न निराळा होता. डॉक्टरांनी सांगितले होते की जवळ बसून पाहिल्याने डोळे बिघडत नाहीत. दहा फुटांऐवजी अडीच फुटांवर बसले तर तेच चित्र चौपट मोठे दिसते. म्हणून साधा ३२ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, मागील चार छिद्रांचे अंतर मोजून त्याला बसेल असा चाकांचा स्टँड घेतला, आणि एक छोटा स्पीकर बाईंच्या खुर्चीच्या हाताला अडकवला. संवाद कानाशी आला की अर्धे चित्र आपोआप पुरे होते. सगळा खर्च बॅटरीवाल्या संचाच्या निम्म्याहून कमी. परसात वीज गेली तर गेली. वखारीचा इन्व्हर्टर आहे.

इंटरनेटवरचे प्रक्षेपण थोडे मागे असते. क्रिकेटच्या दिवशी शेजारची आळी आधी ओरडते आणि गडी नंतर बाद होतो. नातवाला त्याचा संताप येतो. बाईंना नाही. अर्ध्या मिनिटाने बातमी कळल्याने बाजारभाव बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे.

उंबरठे मात्र शिल्लक होते. चाकांसाठी आणि बाईंच्या वॉकरसाठीही चारी ठिकाणी दोन्ही बाजूंनी उतार करायचा ठरला. काम त्याच गवंड्याला दिले. तिसऱ्या दिवशी थापी धुता धुता त्याने ओसरीवरच्या खांबाकडे बोट दाखवून विचारले, “बाई, आता कसा दिसतो?”

“थोडा वाकडा आहे अजून,” बाईंनी सांगितले, आणि नातवाला आवाज वाढवायला लावला.