पालन करणार चुलती

आमच्या पणजोबांच्या मरणाबद्दल घरात दोन गोष्टी होत्या. मुंबईचे काका सांगायचे, प्लेगात गेले. आत्या म्हणायची, छे, मानमोडीत गेले. पुढची गोष्ट मात्र सगळ्यांची एकच होती. ते गेल्यावर पणजीनं पदर खोचला, दोन लहान पोरं वाढवली, भावकीच्या नाकावर टिच्चून जमीन राखली. लग्नकार्यात घरातली चार म्हातारी माणसं एकत्र बसली की ही गोष्ट निघायचीच, आणि आम्ही मुली ती अभिमानानं ऐकायचो.

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी घराण्याची माहिती जुळवायला घेतली. पहिल्या दिवसापासून एक पद्धत ठेवली. डाव्या पानावर माहिती, उजव्या पानावर ती कुठून आली ते. कुणी सांगितली, कोणत्या तारखेला, सांगणाऱ्यानं स्वतः पाहिली की ऐकली, आणि ऐकली तर कुणाकडून. आत्याला मी विचारलं, "मानमोडी हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "थोरल्या आजीनं. मी लहान असताना तिच्याजवळच निजायचे ना." काकांना विचारलं तर ते म्हणाले, "सगळेच म्हणतात." दोन्ही उत्तरं मी जशीच्या तशी लिहिली. नव्वदी ओलांडलेल्या आत्यानं चेहरा, आवाज, अंथरुणाची जागा यांसकट सांगितलेली आठवण आणि 'सगळेच म्हणतात' यांचं वजन सारखं नसतं. पण ते वजन पुढच्या माणसाला करता यावं, म्हणून दोन्ही नावानिशी लिहून ठेवायला हवीत.

आमचा छापील कुलवृत्तांत आहे. खूप मेहनतीनं केलेलं काम, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यात पणजोबांच्या नावापुढे मृत्यूचं साल छापलंय आणि ते कशावरून, याचा एक शब्द नाही. घरातल्या बायकांची तर निम्मी नावंच नाहीत. आता ते साल खरं मानायचं की नाही, हे मी कुणाला विचारणार? माहिती देणारे गेले, लिहून घेणारे गेले. एकेका ओळीखाली 'अमक्यांच्या पत्रावरून' एवढं जरी असतं, तरी ते पत्र शोधता आलं असतं. मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. इतिहासकार राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली काढला तो मूळ पत्रं लोकांपुढे ठेवण्यासाठीच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात आणि अभ्यासक रुमालाचा क्रमांक देतात. राज्याच्या इतिहासाला आपण पुरावा मागतो. घराच्या इतिहासालाही तो मागावा, असं मला मनापासून वाटतं.

आमचं मूळ गाव जुन्नर तालुक्यातलं. जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना नंबर 14, पाहायची म्हणून अर्ज केला. रेकॉर्ड रूममधल्या शिपायानं फडकं झटकून गठ्ठा सोडला. नोंदी मोडीत. सोबत मोडी वाचणारे एक ओळखीचे गुरुजी होते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणारा घाईत असला तर व आणि ब ओळखताना डोळे दुखतात. गुरुजी बोटानं ओळ धरून वाचत होते. 1918 सालातला ऑक्टोबर लागला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. त्याखाली ताप. पान उलटलं, तरी ताप. बारक्या गावात एरवी जेवढी माणसं वर्षात जायची, त्याहून जास्त त्या पानांवर होती. इन्फ्लुएंझाची ती दुसरी लाट, तिलाच आपल्याकडे मानमोडी म्हणत. नोंद घेणाऱ्याला रोगाचं निदान माहीत असायचं काही कारण नव्हतं. अंग तापलं आणि माणूस गेला, एवढंच त्यानं पाहिलं आणि तेवढंच लिहिलं.

पणजोबा त्या पानांवर होते. महिन्याचा शेवटचा आठवडा. घरी त्यांचं श्राद्ध आश्विन वद्य अष्टमीला होतं. पंचांगाशी ताडून पाहिलं तर शके 1840 ची ती तिथी त्याच आठवड्यात येते. श्राद्धाची तिथी साल सांगत नाही, पण वर्षानुवर्षं पाळलेली असल्यामुळे सहसा चुकत नाही. नोंदवहीनं साल दिलं, घरानं तिथी दिली, आत्यानं साथीचं नाव दिलं. तरी माझ्या वहीत मी 'मानमोडीनं वारले' असं लिहिलं नाही. 'नोंदीत कारण: ताप. साथीचा काळ. आत्याच्या सांगण्याप्रमाणे मानमोडी' असं लिहिलं. प्लेगही त्या वर्षांत पुन्हा पुन्हा येत होता. तेव्हा काकांचं म्हणणंही खाली राहिलं.

उजव्या पानावर गावाचं नाव, नमुना, साल, पान, अनुक्रमांक, दप्तर कुठे पाहिलं ती कचेरी, पाहिल्याची तारीख आणि मोडी कुणी वाचलं हे सगळं आहे. वाचणाऱ्याचं नाव लिहिणं फार गरजेचं. मी जे वाचते ते गुरुजींचं लिप्यंतर असतं, मूळ नोंद नसते. उद्या दुसऱ्या जाणकारानं तीच नोंद वेगळी वाचली तर भांडण कुठे आहे हे तरी कळेल. तारखांचंही तसंच. कागदावर शके असेल तर आधी शकेच लिहायचं आणि इसवी सन पुढे कंसात. शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत 79. माघातल्या एका लग्नाचं साल या एका आकड्यानं आमच्या भावकीत दोन पुस्तकांत दोन तऱ्हेनं छापलं गेलं आहे.

मग फेरफार काढला. पणजोबांच्या नावची जमीन मुलांच्या नावावर कशी लागली ते पाहायचं होतं. गाव नमुना 6 मधली वारसाची नोंद पुढच्या वर्षातली निघाली. ती वारस लावल्याची तारीख, मरणाची नव्हे, हे शेजारी लिहिलं. दोन मुलांची नावं, दोघंही अज्ञान. आणि पुढे, आजही सातबाऱ्यावर अ. पा. क. (अज्ञान पालन कर्ता) असं लिहितात त्याच अर्थानं, पालन करणार चुलती. नाव आणि नातं दोन्ही.

चुलती. आई नाही.

मी गुरुजींना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. त्यांनी वाचली. घरी येऊन आत्यापाशी बसले आणि विचारलं, "पणजीचं श्राद्ध कधी असतं गं?" तिनं क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "अविधवा नवमीला की. आपल्याकडे नवमीला सवाष्ण जेवायला असते ना." म्हणजे पणजी सवाष्ण गेली, नवऱ्याच्या आधी. घरातल्या प्रत्येकानं दर वर्षी त्या सवाष्णीच्या पानावर वाढलं होतं, आणि प्रत्येकानंच पणजीनं एकटीनं मुलं वाढवल्याची गोष्ट सांगितली होती. दोन्ही एकाच घरात, एकाच तोंडी, आणि कधी एकमेकींसमोर आल्या नव्हत्या.

पोरं वाढवली ती थोरल्या आजीनं. पणजोबांच्या थोरल्या भावाची विधवा. तिला मूलबाळ नव्हतं. भावकीच्या नाकावर टिच्चून जमीन राखली ती तिनं, कचेरीत जाऊन पालन करणारी म्हणून नाव लावून घेतलं ते तिनं. छापील कुलवृत्तांतात तिच्या नवऱ्याच्या नावापुढे 'निःसंतान' एवढाच शब्द आहे, तिचं नाव नाही. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरीच ती मला म्हणायची, तुझा बाप माझ्या मांडीवर वाढला." हे वाक्यही मी तारीख घालून लिहून घेतलं.

कागद म्हणजे सत्य असं मात्र कुणी समजू नये. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला जन्मतारीख 1 जून आहे. त्यांच्या पानावरच्या कितीतरी मुलांची 1 जूनच आहे. शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तर अंदाजानं वय धरून तारीख टाकायचे. कागद अस्सल, शिक्का अस्सल, तारीख मास्तरांची. तेव्हा साधनाचं नाव देऊन काम संपत नाही. लिहिणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असण्याची शक्यता किती, हेही दोन शब्दांत टिपावं लागतं. उलट त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आजोबांनी स्वतःच्या हातानं वंशावळ लिहिली आहे, खाली सही आहे. तिथे त्यांनी आईच्या नावाच्या जोडीला चुलतीचंही नाव घातलं आहे. उपाध्यायांची परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढला. वहीवरची खूण, पान आणि वही कोणत्या घराण्याकडे आहे, ते टिपलं.

थोरल्या आजीचं माहेर अजून लागलेलं नाही. घरच्या एका जुन्या वहीत लग्नाच्या आहेराची यादी आहे, त्यात ओतूरकर मंडळींचं लुगडं आणि खण नोंदवला आहे. लग्न कुणाचं ते पान फाटलंय. म्हणून माझ्या टिपणात 'बहुधा ओतूर' असं आहे, आणि 'बहुधा' का, ते शेजारी आहे. ओतूरच्या नोंदी मी पाहिल्या त्या कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, मधली कोणती वर्षं गठ्ठ्यातच नव्हती, कोणती पानं वाळवीनं खाल्ली होती आणि पाहिलेल्या पानांत तिच्या बापाचं घराणं कुठेच सापडलं नाही, हेही लिहिलं आहे. भाचीला मोडी शिकायची आहे. ती ओतूरला जाईल तेव्हा तिला तीच पानं पुन्हा चाळावी लागणार नाहीत, न पाहिलेल्या वर्षांपासून सुरुवात करता येईल.