विसर्ग कमी करा

सांगली

चि. निनाद,


तुझं पत्र दोनदा वाचलं. घाट पळून आल्यावर येणारा हलकेपणा एन्डॉर्फिनचा नव्हे, बहुधा शरीराने स्वतःच केलेल्या गांजासारख्या द्रव्यांचा, हे तू बरोबर लिहिलंस. २०२१ साली जर्मनीत धावणाऱ्यांना एन्डॉर्फिनची वाट अडवणारं औषध देऊन पाहिलं, तरी त्यांची धुंदी टिकली होती. पण पुढच्याच ओळीत ‘मग तेच बाहेरून घेतलं तर बिघडलं कुठं?’ वकिली चांगली करतोस, पण मुद्दा साफ चुकलाय.

अरे, कोयनेचं पाणी कुठं येतं हे सातारकराला सांगायचं का? इकडे आयर्विन पुलाखाली कृष्णा ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे सरकू लागली की वरती निरोप जातो, विसर्ग कमी करा. मेंदूत तेच चालतं. दोन पेशींत संदेश सहसा वरून खाली वाहतो. खालच्या पेशीवर मारा फार झाला की ती आपल्याच पटलातल्या स्निग्धापासून तिथल्या तिथं आनंदामाइड किंवा टू-एजी बनवते. आधीपासून साठा करून ठेवत नाही. ते द्रव्य उलटं वर जातं, वरच्या पेशीवरच्या सीबी-१ या ग्राहीला बसतं आणि दरवाजे खाली येतात. काम झालं की विकरं ते मोडून टाकतात. ज्या धरणाचं पाणी, त्यालाच निरोप, आणि तेवढ्यापुरताच. गांजातलं टीएचसी त्याच ग्राहीला बसतं खरं, पण कुणी हाक मारली म्हणून नव्हे. रक्तातून सगळीकडे पोचतं आणि तासन्‌तास मुक्काम ठोकतं. म्हणजे पूर असो नसो. कोयना, धोम, कण्हेर, सगळ्यांना एकदमच दरवाजे पाडायचा हुकूम! आठवण साठवणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या पेशींचंही पाणी तुटतं. हे रोजचं झालं की पेशी ग्राहीच आवरून घेते, मग खरा निरोप आला तरी वर ऐकायला कुणी नसतं.

तू म्हणशील, आनंदामाइड हे नाव तर संस्कृत आहे. आहेच, १९९२ साली इस्राएलमधल्या मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेने ‘आनंद’वरून ठेवलेलं, नावाने मात्रा ठरत नाही. म्हणशील, गांजातली द्रव्यं डॉक्टरही देतात. देतात ना, केमोथेरपीच्या उलट्यांवर, काही ठराविक अपस्मारांत, मोजून आणि देखरेखीखाली. आणि ही यंत्रणाच वाईट, असंही माझं म्हणणं नाही. भूक मारण्यासाठी सीबी-१ अडवणारं रिमोनाबंट २००६ मध्ये युरोपात आलं. घेणाऱ्यांपैकी काहींना नैराश्य, आत्महत्येचे विचार येऊ लागले आणि २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. निरोपाची तारच तोडली तर तेही माणसाला सोसत नाही. म्हणून माझा हट्ट एकाच गोष्टीसाठी आहे, निरोप कधी आणि कुठं जायचा हे त्या पेशीलाच ठरवू दे.

तुझं वय वीस. मेंदूची बांधणी विशीतही चालू असते आणि तीत याच ग्राहींचा हात असतो. कोवळ्या वयात नेमाने गांजा ओढणाऱ्यांत भ्रम, संशय यांसारखे मनोविकार जास्त आढळतात. 

रविवारी यवतेश्वरचा घाट खुशाल चढ. ती गांजाची पुडी फेकून दिलीस का, एवढं उलटटपाली कळव. ताईला मी अजून काही बोललेलो नाही.

तुझा,
मामा