काचेच्या दाराअलीकडे

देवासहून इंदूरला जाणारा रस्ता आम्हांस नवा नाही. माता टेकडीकडे पाठ केली की क्षिप्रेचा पूल, मग मांगलिया, मग इंदूर; सारे अंतर ३५-३६ किलोमीटरांचे. लग्नकार्ये, साड्यांची खरेदी, खात्याच्या बैठका यांपायी हा रस्ता आम्ही आयुष्यभर तुडविला. गेल्या श्रावणात मात्र तो रोज एका रुग्णालयातील काचेच्या दारापाशी येऊन संपू लागला.

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एकतिसाव्या आठवड्यातच तिचा रक्तदाब वाढला आणि रातोरात तिला इंदूरला न्यावे लागले. नात जन्मली ती १३५० ग्रॅम वजनाची. ३७ आठवड्यांपूर्वीचा जन्म तो अकाली, एवढे पुस्तकी ज्ञान आम्हांस होते. परंतु इतक्या लवकर आलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही, म्हणून आईचे दूधही नळीने पोटात सोडावे लागते, हे आम्ही त्या दारापाशी शिकलो.

दाराच्या आत केवळ आईबापांना प्रवेश. आम्हां आजी-आजोबांचे जग दाराअलीकडचे: एक लांब ओसरी, भिंतीलगतची बाके, चहाचे थर्मास. कोणी धारचे, कोणी झाबुआचे, कोणी खरगोनचे. भाषा निरनिराळ्या, पण सकाळी प्रश्न सर्वांचा एकच, "आज वजन किती?" पहिल्या दिवसांत अशा बाळांचे वजन घटते, हे डॉक्टरांनी सांगितले होते, तरी १२६० हा आकडा ऐकून आमच्या सौ. दिवसभर जेवल्या नाहीत.

पाचव्या रात्री सौ.नी भाड्याच्या खोलीत पाट मांडून सटवाईसाठी कोरा कागद व लेखणी ठेवली. त्याच रात्री लेकीने सांगितले की, बाळाच्या पेटीशी एक तक्ता टांगलेला असतो; तापमान, श्वास, नाडी, दूध किती मिलिलिटर, सारे त्यावर परिचारिका रात्रभर नोंदवीत असते. आमच्या पाटावरचा कागद सकाळी कोराच होता. पण लिहिणारी कोणीतरी जागी होती, एवढ्याने आम्हांस धीर आला.

जावईबापू पुण्याहून धावत आले होते. आठव्या दिवशी आम्ही त्यांना म्हणालो, "तुम्ही आता नोकरीवर रुजू व्हा. पुरुषमाणसाचे येथे काय काम?" ते काही बोलले नाहीत. दुपारी परिचारिका बाहेर आली. लेकीस ताप भरला होता. "बच्ची के पापा अंदर आइए, शर्ट के बटन खोलने होंगे," एवढेच ती म्हणाली. नातीला त्यांच्या उघड्या छातीशी टेकवून वरून कापडाने बांधले. काचेतून आम्हांस त्यांची पाठ तेवढी दिसे. तीन तास ती पाठ हलली नाही.

या रीतीस 'कांगारू मदर केअर' म्हणतात. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना डॉ. एडगर रेय यांनी ती सुरू केली. शरीराच्या उबेने बाळाचे तापमान टिकते, जंतुसंसर्ग कमी होतो, अंगावरचे दूध सुरू होण्यास मदत होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अकाली व कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मानंतर लवकरात लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास तिची शिफारस केली. आई आजारी असेल तेव्हा बापाची छातीही तेच काम करते.

म्हणून वाचकहो, अशी वेळ कोणाच्या घरी आलीच, तर बापाला कामावर पिटाळू नका; डॉक्टरांना विचारून त्याला आत पाठवा.

जावईबापू पुण्यास गेले नाहीत. बिनपगारी रजा काढून राहिले. अडतिसाव्या दिवशी आम्ही सर्व देवासला परतलो. नात त्यांच्या सदऱ्यात छातीशी होती, वजन १८९० ग्रॅम. क्षिप्रेच्या पुलावर सौ.नी नदीत नाणे टाकले. शाळेची प्रार्थनेची वेळ टळत होती. तीस वर्षांच्या नोकरीत ती आम्ही क्वचितच चुकविली असेल. आम्ही चालकास सांगितले, "गाडी अजून थोडी हळू घ्या."