शेजारचे मेज

शिकागोच्या पिल्सन ह्या मेक्सिकन वस्तीत आम्ही एका साध्या, स्वस्त खाणावळीत शिरलो. भिंतीवर ग्वादालुपे मातेची तसबीर होती. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याची गरम तोर्तिया, वर डुकराचे मांस, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि झणझणीत मिरची पुढे आली. मिरची मूळची त्यांचीच. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली!

आम्ही मात्र, खरे सांगायचे तर, चारचौघांच्या नजरा चुकवीत मनातल्या मनात प्रार्थना उरकली. इतक्यात शेजारच्या मेजावर सिमेंटने माखलेले तीन मजूर येऊन बसले. त्यांनी टोप्या काढल्या, क्रुसाची खूण केली व मोठ्याने प्रार्थना म्हटली. आमच्या हातातला घास हातातच राहिला.

वाढणाऱ्या बाईंनी आमचे गाव विचारले. "वसई," आम्ही म्हणालो, "संत गोन्सालो गार्सियांची. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत तुमच्या संत फेलिपेंबरोबर ते क्रुसावर हुतात्मा झाले."

"सान फेलिपे? मग आपण सोयरेच, पाद्रे!"

तव्यावरच्या आणखी दोन तोर्तिया त्यांनी आमच्या ताटात घातल्या. ह्या वेळी आम्ही आधी क्रुसाची खूण केली.